लहान कुत्र्याचा रोजचा शिधा

ज्या घरात पाच-सहा किलो वजनाचा पामेरियन, पग किंवा शित्झू पाळलेला असतो, त्या घरात त्याच्या खाण्याविषयी बहुधा दोन परस्परविरुद्ध तक्रारी एकाच वेळी नांदत असतात. पहिली घरच्यांची, की हा काही खातच नाही, सकाळी घातलेले दाणे दुपारपर्यंत भांड्यात तसेच पडून राहतात. आणि दुसरी, वर्षाच्या लसीकरणाला नेले असता पशुवैद्याच्या तोंडून निघणारी, की याचे वजन फार वाढले आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात आणि दोहोंचे मूळही एकच असते. भांड्यात जे पडते त्याचा हिशेब घरात कोणीतरी ठेवतो. परंतु जेवणाच्या टेबलाखाली, चहाच्या बशीशेजारी आणि आजींच्या खुर्चीजवळ जे त्याच्या पोटात जाते, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून लहान कुत्र्याला किती घालावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे गणित करावे लागते आणि त्याहून अधिक बंदोबस्त घरातल्या माणसांचा करावा लागतो.

गणित आधी उरकून घेऊ. सामान्य समजूत अशी की वजन निम्मे तर अन्न निम्मे. परंतु सजीवांच्या शरीराचा कारभार या त्रैराशिकाने चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात संशोधन केलेले मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली लहानमोठ्या सस्तन प्राण्यांची तुलना करून असे दाखवले, की शरीराचा ऊर्जाव्यय वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर सुमारे तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तीस किलोच्या लॅब्रॅडॉरचे वजन पाच किलोच्या स्पिट्झच्या सहापट असले तरी त्याची भूक चौपटीहूनही थोडी कमी असते, आणि उलट बाजूने पाहिले तर लहान कुत्र्याला दर किलो वजनामागे मोठ्यापेक्षा बरेच जास्त अन्न लागते. याच तत्त्वावर पशुवैद्य आजही जे सूत्र वापरतात ते घरातल्या कोणालाही मोबाइलवरील गणकयंत्रावर सोडवता येईल इतके सोपे आहे: कुत्र्याचे किलोतले वजन तीनदा एकमेकांशी गुणावे, आलेल्या संख्येचे दोन वेळा वर्गमूळ काढावे आणि उत्तराला ७० ने गुणावे. पाच किलोसाठी पाच गुणिले पाच गुणिले पाच म्हणजे १२५; त्याचे वर्गमूळ ११.१८, त्याचे पुन्हा वर्गमूळ ३.३४, आणि ७० ने गुणल्यावर २३४. इतक्या कॅलरी त्या कुत्र्याला केवळ स्वस्थ पडून राहण्यासाठी, म्हणजे श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब यांच्या खर्चासाठी, रोज लागतात. तीन किलोच्या कुत्र्याला हाच आकडा १६० येतो, सात किलोच्याला ३००.

या मूळ रकमेवर चलनवलनाची भर घालायची असते. प्रौढ आणि नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने, नसबंदी न झालेल्यासाठी १.८ ने गुणण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याची दिवसाची गरज सुमारे ३७५ कॅलरी ठरते. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसाचे सोळा तास सोफ्यावर घालवणारा आणि ज्याचे फिरणे म्हणजे सोसायटीच्या फाटकापर्यंतची एक फेरी, असा कुत्रा १.६ च्या हिशेबाने हळूहळू गोलच होत जाईल, त्याला १.४ धरावे, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास पुरे. नसबंदीनंतर गरज घटते आणि भूक मात्र वाढते, हा निसर्गाचा विचित्र न्याय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत विशेष ध्यानात ठेवावा.

या गणितात वजन कोणते घालायचे, हा मुद्दा सर्वांत जास्त चुकतो. ते कुत्र्याचे योग्य वजन हवे; आज काट्यावर भरलेले वजन योग्य असेलच असे नाही, आणि जातीच्या नावापुढे पुस्तकात छापलेले वजन तर बहुधा लागूच पडत नाही. आपल्याकडे पामेरियन म्हणून जो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा घरोघर दिसतो, तो पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. खऱ्या पॉमेरेनियनचे वजन दीड ते सव्वातीन किलोंच्या दरम्यान, तर लहान चणीच्या स्पिट्झचे पाच ते सात किलो. परदेशी तक्त्यातला आकडा पाहून अशा स्पिट्झला अर्धपोटी ठेवणारे लोक आहेत, आणि शेजारचा स्पिट्झ नऊ किलोंचा आहे म्हणून आपल्या सात किलोच्या लठ्ठ कुत्र्याला कृश समजणारे तर कितीतरी अधिक.

आता पिशवीकडे वळू. बाजारातल्या कोरड्या खाद्याच्या पिशवीवर मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत, शंभर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती कॅलरी ते बहुधा दिलेले असते. साधारणतः शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे. समजा ३७० आहे. तर वरच्या ३७५ कॅलरींच्या कुत्र्याला दिवसभरात शंभर ग्रॅम दाणे पुरतात, दोन वेळांत विभागून पन्नास-पन्नास. ओल्या, पाऊचमधल्या खाद्यात पाण्याचाच अंश मोठा असल्यामुळे त्याच्या शंभर ग्रॅमला ऐंशी ते शंभर कॅलरीच असतात, आणि म्हणून दोहोंची सरमिसळ करताना वाटीला वाटी असा व्यवहार केला तर हिशेब पार बिघडतो. पिशवीवर छापलेला ‘वजन इतके तर खाद्य इतके’ हा तक्ता आरंभासाठी ठीक आहे. पण तो सर्व प्रकारच्या कुत्र्यांना एकाच वेळी लागू पडावा म्हणून केलेला असतो, आणि सोफ्यावरच्या कुत्र्याला त्यातले प्रमाण पुष्कळदा सढळ पडते.

दाणे वाटीने मोजू नयेत. दिवसाचा सगळा शिधाच जेथे शंभर ग्रॅमांचा आहे, तेथे शिगोशीग भरलेल्या वाटीतले दहा-पंधरा ग्रॅम म्हणजे थेट दहा-पंधरा टक्क्यांची वाढ होय. केकसाठी मैदा मोजायला जो लहान इलेक्ट्रॉनिक काटा घरात असतो, तो रोज सकाळी अर्धा मिनिट या कामी लावावा.

एवढे सगळे काटेकोर करूनही वजन वाढत असेल, तर घराच्या अंतर्गत कारभाराची चौकशी करणे प्राप्त आहे. कुठल्याही मराठी घरातला एक सामान्य दिवस घ्या. सकाळच्या चहाबरोबर बाबांच्या हातून दोन ग्लुकोज बिस्किटे: प्रत्येकी सुमारे २५ प्रमाणे पन्नास कॅलरी. दुपारी आजींच्या ताटातली, ‘तेवढीच तर देते मी’ या प्रस्तावनेसह सरकवलेली, तूप लावलेली अर्धी पोळी: साठ. संध्याकाळी शाळेतून आलेल्या नातवाने भाजीसाठी चिरलेल्या पनीरमधून उचललेले दोन चौकोन: पन्नास-पंचावन्न. आणि रात्री दूध तापवल्यावर अर्धी वाटी म्हशीचे दूध: पुन्हा पन्नास-पंचावन्न. बेरीज सव्वादोनशेच्या घरात जाते, म्हणजे त्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. दोन हजार कॅलरींवर राहणाऱ्या माणसाने दोन्ही वेळच्या जेवणाव्यतिरिक्त जवळजवळ बाराशे कॅलरींचा फराळ रोज येता-जाता करावा, त्यातला हा प्रकार. यातील प्रत्येकाने थोडेच दिले, प्रत्येकाने प्रेमाने दिले आणि प्रत्येकाला खात्री आहे की आपल्यावाचून त्याला कोणी काही देत नाही. भांड्यातले दाणे दुपारपर्यंत का पडून राहतात, याचाही खुलासा यातच आहे.

एका बिस्किटाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एक कागदी हिशेब देतो. गरजेपेक्षा २५ कॅलरी रोज जास्त, म्हणजे वर्षाला नऊ हजारांवर. आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठतात. वजन वाढले की शरीराचा खर्चही थोडा वाढतो, म्हणून प्रत्यक्षात कागदावरच्या सव्वा किलोइतकी चरबी चढत नाही; पण तिच्या निम्मी चढली तरी पाच किलोच्या प्राण्याला ती आठव्या हिश्श्याची भर आहे, आणि तिचा भार लहान जातींच्या मूळच्याच दुबळ्या गुडघ्यांवर, डॅशहुंडच्या लांब कण्यावर आणि पामेरियनच्या नाजूक श्वासनलिकेवर पडतो.

पशुवैद्यकाचा शिरस्ता असा आहे की वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये, आणि जितके वर गेले तितकी वजावट दाण्यांतून करावी. पाच किलोच्या कुत्र्याला दहा टक्के म्हणजे दीड बिस्किट. हे गणित आजींना समजावून सांगून आजवर कोणत्याही घरात उपयोग झाल्याचे ऐकिवात नाही, आणि देणाऱ्याचा आनंद हिरावून घेणे न्यायाचेही नाही. त्यापेक्षा चांगली तजवीज अशी, की सकाळी दिवसभराचे शंभर ग्रॅम दाणे मोजून एका झाकणाच्या डब्यात काढून ठेवावेत आणि घरात जाहीर करावे, की ज्याला जेव्हा जे द्यायचे असेल ते याच डब्यातून द्यावे. सकाळ-संध्याकाळचे जेवणही यातूनच आणि लाडाचे चार दाणेही यातूनच. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खजिना संपला. लहान कुत्र्याला किती मिळाले यापेक्षा किती वेळा मिळाले याचे अप्रूप अधिक असते, म्हणून एक बिस्किट सबंध देण्याऐवजी एकेक दाणा पाच वेळा दिला तर शेपूट पाच वेळा हलते. ज्यांना ताटातलेच द्यायचे आहे त्यांनी काकडीची चकती, गाजराचा तुकडा, मीठ-फोडणीशिवाय उकडलेला दुधी किंवा फरसबी द्यावी. शंभर ग्रॅम काकडीत पंधराच्या आसपास कॅलरी असतात.

ताटातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल मात्र सवलत नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की रश्श्यात शिजलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात, आणि आपल्या भाजी-आमटीत ते नसतातच असे दिवस थोडे. द्राक्षे आणि मनुका-बेदाणे मूत्रपिंडांना घातक ठरतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून बाजूला काढले तरी तो शिरा देऊ नये. चिंचेतही द्राक्षांतलेच टार्टारिक आम्ल असते, तेव्हा चिंच-गुळाची आमटी पोळीवर ओतून घालण्याची वहिवाट बंद करावी. चॉकलेट, साखरविरहित च्युइंगममधले झायलिटॉल आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे यांची गणनाही याच यादीत. दिवाळीतल्या तळणीने किंवा तुपकट मटणाने लहान कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होऊन दवाखान्यात ठेवण्याची पाळी येते. मोठ्या कुत्र्याला जी मात्रा नुसती पोट बिघडवून जाईल तीच तीन किलोच्या जिवाला प्राणसंकट ठरू शकते.

मोजमापाची दुसरी बाजू कुत्र्याच्या अंगावर आहे, आणि माझ्या मते काट्यापेक्षाही तीच अधिक विश्वासाची. पशुवैद्य शरीरस्थितीची नऊ अंकांची जी श्रेणी वापरतात, जिचा आधार डॉ. लाफ्लाम यांनी १९९७ साली मांडलेल्या कामात आहे, तिच्यात चार आणि पाच हे अंक योग्य मानले जातात. घरी तिची चाचणी अशी घ्यावी: कुत्र्याला उभे करून दोन्ही हातांचे अंगठे पाठीच्या कण्यावर ठेवावेत आणि उरलेली बोटे बरगड्यांवरून, न दाबता, पुढे-मागे फिरवावीत. आता आपलीच मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा कृश आहे. हात सरळ करून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून बोट फिरवा. तसे लागले तर उत्तम. आणि हात उलटून तळव्याच्या गादीवरून फिरवल्यावर हाडे जशी चाचपावी लागतात तशा बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर शिधा कमी करण्याची वेळ आली आहे. मग वरून पाहावे: बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसते का? बाजूने पाहावे: पोट मागच्या पायांकडे वर चढत जाते का? पगमध्ये हे डोळ्यांना दिसते. स्पिट्झ, पामेरियन आणि शित्झूच्या बाबतीत मात्र केसांचा पसारा सगळे झाकून टाकतो, आणि म्हणून तेथे डोळ्यांवर विसंबू नये, केसांत बोटे घालूनच पाहावे. आंघोळ घालताना, केस ओले होऊन अंगाला चिकटलेले असताना, खरा कुत्रा केवढा आहे ते आयतेच कळते.

सडपातळ ठेवण्याचा हा आग्रह केवळ सौष्ठवासाठी नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न आयुष्यभर देऊन एक दीर्घ अभ्यास केला गेला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, दुसऱ्याचे ११.२. ते कुत्रे मोठ्या जातीचे होते हे खरे; पण जवळजवळ दोन वर्षांचा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वजन दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच काट्यावर करावे. आपण त्याला घेऊन उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, ही रीत मोठ्या कुत्र्याला चालते. लहानाच्या बाबतीत काट्याची शे-दोनशे ग्रॅमची चूकच त्याच्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांइतकी होते, म्हणून दवाखान्यातला किंवा तान्ह्या मुलांचा काटा बरा. दोन नोंदींत वजन वाढलेले आणि बरगड्या बुजलेल्या दिसल्या तर शिधा दहा टक्क्यांनी कमी करावा, उलट असेल तर तेवढाच वाढवावा, आणि पुन्हा पंधरा दिवस थांबावे. सूत्राने काढलेला आकडा हा निव्वळ पहिला अंदाज असतो; एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या गरजा पाव-तृतीयांशाने सहज भिन्न असू शकतात.

लठ्ठ झालेल्याचे वजन उतरवायचे तर योग्य वजनाची मूळ रक्कमच दिवसाचा शिधा समजावी: साडेसहा किलोचा, पण पाचचा असायला हवा, त्याला २३४. आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे पासष्ट ते एकशेतीस ग्रॅम, एवढ्याच वेगाने घट व्हावी. दीड किलोला तीन ते सहा महिने लागतील. नेहमीचेच दाणे इतके कमी केले तर प्रथिने आणि क्षारही कमी पडतात, म्हणून अशा वेळी वजन उतरवण्यासाठी तयार केलेले खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावे.

घरचे शिजवलेले अन्न घालणाऱ्यांसाठी एक नमुना देतो. कांदा, लसूण, मीठ न घालता उकडलेले हाड-कातडीविरहित कोंबडीचे मांस १०० ग्रॅम (१६५ कॅलरी), शिजलेला भात १०० ग्रॅम (१३०), गाजर-दुधी पन्नास ग्रॅम (१५ ते २०) आणि तेल एक चमचा (४५): एकूण ३६० च्या आसपास. पोट यात भरते, परंतु कॅल्शियम, जस्त आणि काही जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत, त्यांची पुरवणी पशुवैद्याकडून ठरवून घेणे आवश्यक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील तज्ज्ञांनी घरगुती पाककृतींपैकी दोनशे तपासल्या, त्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांत कोणते ना कोणते आवश्यक द्रव्य उणे निघाले. दूध-पोळी आणि दहीभात यांवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या कुत्र्यांचे तर बोलायलाच नको: कॅलरी भरपूर, प्रथिने अपुरी, आणि दूध पुष्कळांना पचतही नाही.

पिल्लांना वरचे सर्व नियम लागू नाहीत. चार महिन्यांपर्यंत मूळ रकमेला तीनाने आणि त्यानंतर वाढ पुरी होईतो, म्हणजे लहान जातींत दहा-बारा महिन्यांपर्यंत, दोनाने गुणावे. दीड किलोच्या, तीन महिन्यांच्या पिल्लाला त्यामुळे २८५ कॅलरी लागतात, पाच किलोच्या प्रौढाच्या तीन-चतुर्थांश. हे त्याच्या एवढ्याशा पोटात एका वेळी मावत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा द्यावे. प्रौढ कुत्र्याने नाक मुरडले तर वीस मिनिटांनी भांडे उचलून घ्यावे, पुढच्या वेळेपर्यंत दुसरे काही देऊ नये, दोन दिवसांत तो ताळ्यावर येतो. मे महिन्याच्या उकाड्यात एखादे जेवण टाळले तरी चिंता नको. पण हा उपाय पिल्लावर कदापि करू नये. लहान जातीचे पिल्लू काही तास उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून ते थरथरू लागते, झोकांड्या खाते, प्रसंगी बेशुद्ध होते. तेव्हा हिरड्यांवर मध किंवा साखरेचे पाणी चोळून तत्काळ दवाखाना गाठावा.

शिधा तोच, वरखाऊ बंद, आणि तरी वजन झपाट्याने चढते किंवा उतरते आहे. किंवा भूक अवास्तव वाढली आहे, पाण्याचे भांडे पूर्वीपेक्षा लवकर रिकामे होते आहे, रात्री लघवीसाठी उठवू लागला आहे. तर दाण्यांचे प्रमाण बदलत बसू नये. थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंड किंवा अधिवृक्क ग्रंथी यांपैकी कशात तरी बिघाड असण्याचा संभव असतो आणि त्याचा निर्णय रक्त-लघवीच्या तपासणीनेच होतो. दवाखान्यात जाताना पंधरवड्याच्या वजनांची वही, खाद्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि घरातल्या प्रत्येकाने, आजींसकट, प्रामाणिकपणे सांगितलेली वरखाऊची यादी बरोबर न्यावी.